गवंड्याच्या घराची घरपट्टी

आमचे अप्पा जन्मभर गवंडी. दुसऱ्यांची घरं बांधता बांधता त्यांनी स्वतःचंही बांधलं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी. हात थकले तसं काम सुटलं, पण घराचे लाड थांबले नाहीत. कुठे पोपडा दिसला की स्वारी थापी घेऊन हजर. त्यामुळे गल्लीतलं सगळ्यात जुनं घर सगळ्यात नवं दिसायचं. यंदा घरपट्टीही आली ती नव्या घराची.

आईने आकडा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "एवढी कुठून भरायची? घर विकावं लागेल."

माझं डोकंच फिरलं. शेजारच्या तशाच, पण ओल धरलेल्या घराला निम्मी पट्टी. मी पालिकेत जाऊन तक्रार केली. निरीक्षक पुन्हा पाहणी करतो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. मी निघताना हळूच म्हणाला, "ताई, घर जरा जुनं दिसू द्या."

ओट्याकडच्या भिंतीचा गिलावा नेमका फुगून खाली आला होता. मी अप्पांना बजावलं, तो येऊन जाईपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. त्यांनी शहाण्यासारखी मान डोलावली.

पाहणीच्या सकाळी पोचले तर अप्पा थापी धूत होते. भिंत गुळगुळीत.

"अप्पा, हे काय केलंत?"

"घरी माणूस येणार आणि भिंत तशी? गवंड्याचं घर आहे हे."

निरीक्षकाने हळहळत 'उत्तम स्थिती' असं लिहिलं. आईने अबोला धरला. मीही धरला असता, पण अप्पांना तक्रारीच्या सुनावणीला नेणार कोण? आईही आली, अबोल्यासकट.

तिथे साहेब समजावायला लागले, "आजोबा, घराची किंमत वाढली म्हणून कर वाढला. फायदा तुमचाच."

"कसला फायदा? किंमत विकल्यावर हातात येते. मी राहायला बांधलंय." अप्पा खुर्चीवर बसलेच नाहीत. "भिंत पडू दिली असती तर सूट दिली असतीत. म्हातारपणी घर नीट ठेवलं, हा गुन्हा झाला?"

"नियम आहे."

"मग नियम बदला. आमची मिळकत बघून आता झेपेल तेवढं घ्या. उरलेलं घरावर टाका, मी मेल्यावर वसूल करा. बुडणार नाही. घर पक्कं आहे, तुमच्याच माणसाने लिहिलंय."

मागच्या बाकावरून एक आजी म्हणाल्या, "माझंही तसंच करा." बाकावरचे बाकीचेही माना हलवायला लागले.

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लेखी द्या, वर पाठवतो. मंजूर होईलच असं नाही."

मी अप्पांच्या नावाने लिहायला घेतलं, 'माझ्या मृत्यूनंतर'. अबोला मोडून आईने माझा हात धरला.

"खोड ते. 'दोघांच्याही मृत्यूनंतर' लिही. नाहीतर हे गेले की लगेच मला बाहेर काढायला येतील. आणि मी एवढ्यात जाणार नाही, तेही लिही."