चाचांची अर्जी मी धाडली नाही

इंग्रजाची नि जर्मनाची लढाई लागली तेव्हा मी पंचविशीत होतो. वडलांची नजर गेली म्हणून पाटोद्यापासून तीन कोसांवरच्या आमच्या गावाची पाटीलकी माझ्या गळ्यात पडली होती. उर्दू शाळा शिकलेलो, सरकारी कागद घडाघडा वाचायचो, त्यामुळं अंगात जरा जास्तच वारं शिरलं होतं. ज्याला काहीच कळत नाही तो निदान गप्प बसतो. मला थोडं कळायचं, म्हणून मी बोलायचो.

आमच्या निजाम सरकारांचं घोडदळ इंग्रजांच्या मदतीला समुद्रापार निघालं होतं. पाटलांना हुकूम आला, घोडं हाताळणारे जवान द्या. गावात असे दोघंच होते. एक माझा धाकटा भाऊ आणि दुसरा दर्ग्याच्या मुजावरांचा एकुलता एक मुलगा. भावाचं नाव मी यादीत घातलंच नाही. का नाही, ते विचारू नका, तुम्हालाही भाऊ असतील.

मुजावर म्हणजे आमचे चाचा. वेशीबाहेर पीराचा दर्गा, तिथली झाडलोट आणि दिवाबत्ती त्यांच्याकडं. दरसालच्या उरुसाचा संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, आमच्याच वाड्यातून निघायचा, आणि लहानपणी मी तो चाचांच्या खांद्यावर बसून बघितलेला. मुलाला धाडायला त्यांची तशी ना नव्हती. एकच गोष्ट त्यांना टोचत होती.

"पाटील, लढाई कुणासंगं हाय? रूमच्या सुलतानासंगं तर न्हाई ना? त्यो आमचा खलिफा हाय."

रूम म्हणजे तुर्कस्तान. मी हसलो. खरंच मोठ्यानं हसलो. "अहो चाचा, आपले सरकार सोता मुसलमान. ते खलिफावर फौज धाडतील व्हय? कायतरीच तुमचं!"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! पण तेव्हा निजामाची आख्खी मोगलाई असंच समजत होती. गादीवर मुसलमान राजा, मग त्याचं घोडं मुसलमानावर कसं जाईल? चाचांनी मान डोलावली. पोरगा गेला.

दोन-तीन महिन्यांत तुर्क जर्मनाच्या बाजूनं लढाईत उतरला. सरकारांचं फर्मान आलं आणि ते चावडीवर मीच वाचलं. इंग्रजांशी इमान राखा, ही लढाई धर्माची नव्हे, असा त्याचा मतलब. आपलं घोडदळ मिसर मुलखात, म्हणजे इजिप्तात, तुर्काच्या तोंडावरच उभं आहे, हेही बाजारात कळलं. विलायतेत बसून कुणीतरी ठरवायचं की तुर्क आजपासून दुश्मन, आणि पाटोदा तालुक्यातल्या म्हाताऱ्यानं ते मुकाट गिळायचं! चाचा चावडीच्या कोपऱ्यात बसून होते. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाड्यावर आले. "अर्जी लिहा, पाटील. माझ्या पोराला परत मागत न्हाई. सरकारचं मीठ खाल्लंय. त्याला घोड्यांची लीद काढाया ठिवा, दाणावैरण कराया ठिवा. फकत कलमा पढणाऱ्या मुसलमानावर त्याला भाला उचलू देऊ नका."

मी लिहिली. चांगली लिहिली, त्यात शंका नको. चाचांनी अंगठा उठवला आणि कागद डोळ्यांना लावून माझ्या हातात दिला. गावची अर्जी पाटलाच्याच हातानं वर जायची, तशी रीत होती. त्यांनी ती दुसऱ्या कुणाकडं दिलीच नसती.

मी पाटोद्याला गेलो. कचेरीच्या ओसरीवर अमीन, म्हणजे पोलिसांचा साहेब, शेजारगावच्या पाटलाला उभं करून झापत होता. त्याच्या गावात शुक्रवारी कुणीतरी सुलतानाच्या नावानं दुवा मागितली होती. "ऐसे लोगों के नाम छुपाता है? पाटीलकी जब्त कर दूँगा!" माझी तर बघूनच पाचावर धारण बसली. खिशातल्या कागदात चाचांचं नाव, आणि खाली लिहिणाऱ्याचं माझं. मी तसाच माघारी फिरलो. वाटेत अर्जी फाडली, बारीक बारीक तुकडे केले आणि निवडुंगाच्या फडात टाकले.

वेशीत चाचा वाट बघत होते. "दिली का?"

"दिली."

बस्स. एवढाच शब्द. पुढची चार वर्षं दर बाजाराला ते विचारायचे, जबाब आला का? मी म्हणायचो, सरकारी काम हाय, टाइम लागतो. पुढं पुढं मी बाजाराच्या दिवशी शेताकडं पळायला लागलो. लाज वाटायची, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती. आता भीती गेली, लाज तेवढी उरली.

लढाई संपली. इंग्रज जिंकला, खलिफा हरला, आणि पोरगा जिता परत आला. गाल कापलेला, केस पांढरे. आख्खा गाव दर्ग्यापाशी जमला. चाचांनी त्याला छातीशी धरला आणि पहिलाच सवाल केला, "अर्जी पोचली ना रे? तुला घोड्याकडंच ठिवलं ना?"

पोरानं बापाकडं बघितलं. मग गर्दीतून नेमकं माझ्याकडं बघितलं. माझी मान आपोआप खाली गेली.

"हां अब्बा," तो म्हणाला. "पोचली. मी लीदच काढत होतो."

चाचा लेकरासारखे रडले. दोन दिवसांनी पोरगा मला विहिरीवर गाठून म्हणाला, "पाटील, पयला माणूस मी भाल्यानं पाडला, त्यो पडताना कलमा पढत होता. अब्बाला ह्यातलं कायबी कळू देऊ नका." मी माफी मागायला तोंड उघडलं. तो पोहरा उचलून चालता झाला.

त्या सालच्या उरुसात चाचांनी पीरासमोरच्या मलिद्याचं पहिलं ताट सगळ्या गावादेखत माझ्या हातात दिलं. म्हणाले, "ह्या हातानं माझ्या पोराचं इमान राखलं." लोक वाहवा म्हणाले. माझे वडील, डोळ्यांनी आंधळे, त्यांनी चाचपडत माझ्या पाठीवर हात ठेवला. ताट परत करायचं, चाचांच्या पायावर डोकं ठेवायचं, ओरडून खरं सांगायचं, सगळं मनात आलं. पण सांगितलं तर चाचांचा पोरगा गेला असता, जिता असून गेला असता. आणि खरं बोलायचं तर माझी अब्रूही गेली असती. मी घास तोंडात घातला. तो खाली उतरेना.

तेवढ्यात पोरानं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं धरला आणि हळूच म्हणाला, "घ्या, पाटील. मला बी असाच उतरत न्हाई."