मावशीच्या पुस्तकाचे चार भाग

रोज कामाला बसण्याआधी मावशी कुठल्यातरी यंत्राचं माहितीपत्रक वाचायची. मिक्सर, पंखा, शेजारणीचं शिलाई मशीन, काहीही चालायचं. वाचून झालं की कडेला पेन्सिलीनं लिहायची, ‘हे कुणासाठी?’

औषधांच्या दुकानांत चालणारं एक सॉफ्टवेअर होतं. त्याचं मार्गदर्शक पुस्तक तिनं लिहिलं होतं. दोनशे साठ पानं. तिला त्याचा भारी अभिमान. आणि मग एका दुकानाच्या बाईंचा फोन आला.

“तुमच्या पुस्तकात वेळेवर काही सापडत नाही. शनिवारपर्यंत वाट बघते. नाहीतर तुमचा कॉम्प्युटर झाकून ठेवते आणि माझी वही काढते.”

हे मावशीला फारच लागलं. दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन त्या दुकानात गेली. काउंटरच्या आत स्टूल ओढून बसली. थोड्या वेळानं एक आजोबा गोळ्यांची न फोडलेली पट्टी परत द्यायला आले. ती साठ्यात पुन्हा कशी घ्यायची, ते बाई पुस्तकात शोधू लागल्या. बाराव्या पानावर परतावा नोंदणं का गरजेचं, ते होतं. अठ्ठ्याऐंशीव्या पानावर नवशिक्यांसाठी सराव. एकशे नव्वदाव्यावर परताव्याचे सगळे सांकेतिक क्रमांक. मागे रांग वाढत होती.

“अहो, माणसं खोळंबलीत,” बाई मावशीवर कडाडल्या, “आणि तुमचं पुस्तक मला परताव्याचं तत्त्वज्ञान शिकवतंय!”

“बरोबर आहे तुमचं,” मावशी म्हणाली.

घरी येऊन तिनं कात्री घेतली आणि पुस्तक कापायलाच बसली. पहिल्यांदा शिकणाऱ्याला बोट धरून नेणारे धडे टेबलाच्या एका टोकाला. काम अडलंय त्याच्यासाठी नुसत्या पायऱ्या, एका कामाला एक पान, त्या दुसऱ्या टोकाला. क्रमांकांचे तक्ते खुर्चीवर. आणि ‘हे असं का’ हे सावकाश सांगणारा मजकूर, तो उरलेल्या जागेत.

काका ताट घेऊन उभे. “आम्ही जेवायचं कुठे?”

“‘असं का’वर ठेवा. ते घाईत कुणी वाचत नाही.”

“म्हणजे मीही घाईत नाही, असंच ना?”

“इतकी वर्षं सगळं एका पातेल्यात शिजवलं हो मी,” ती हसत म्हणाली. मला मात्र तिच्या कात्रीच्या आवाजात थोडी लाज ऐकू आली.

शनिवारी आम्ही पुन्हा दुकानात गेलो. मावशीनं काउंटरवर फक्त पायऱ्यांची पातळ वही ठेवली, बाकीचे तीन भाग आतल्या कपाटात. तासाभरानं एक मुलगी खोकल्याची बाटली परत घेऊन आली. बाईंनी वही उघडली, पाच ओळींवरून बोट खाली नेलं, चार कळा दाबल्या. झालं. त्यांनी मावशीकडे पाहिलंसुद्धा नाही, “पुढचे कोण?” म्हणून हाक मारली.

मावशीचा चेहरा असा फुलला, की मला हसूच आलं. रांग सरली तेव्हा बाई म्हणाल्या, “माझी जुनी वही नको काढायला आता. चालेल हे. तुम्हाला काही हवंय का?”

“हो, बरी आठवण केलीत,” मावशी पर्स उघडत म्हणाली. “बीपीची गोळी संपलीय, एक पट्टी द्या.”