मधली मेर

अन्याय झाला तो आमच्या कोचावर. कधी? गोवा राज्य झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, म्हापशाच्या मैदानावर, भर लोकांत. मी तिथं उजव्या बगलेला खेळत होतो, म्हणून लिहितो.

हा माणूस मडगावच्या क्लबातून वर्षानुवर्षं बचावाला खेळला. गुडघा गेला तेव्हा पेडण्यात, धारगळला घरी परतला आणि आम्हा पोरांना गोळा केलं. मैदान कुठलं? भात कापलं की शेताचे दोन लगतचे तुकडे, दोन कुणगे, आणि मधोमध गुडघाभर उंच मेर, म्हणजे मातीचा बांध. एक कुणगा थोरल्या भावाचा, दुसरा धाकट्याचा, दोघांत बोलणं बंद. "मेर गेली म्हणजे हद्द गेली," एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत.

कोच म्हणाले, "मेर हलना, तर तुमी हला." पायानं बॉल अलगद वर उचलायचा, मेरेवरून उडी घ्यायची आणि पलीकडं तो जमिनीला लागायच्या आत पायावर झेलायचा. पुढं पुढं आम्ही मेरेकडं बघायचंही सोडलं. पायांनाच कळायचं.

तेव्हा गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, ही चळवळ पेटली होती. मी मराठीची पत्रकं वाटत फिरायचो. सरावाला उशिरा पोचलो की कोच म्हणायचे, "आयले पुढारी! घोषणांनी घसो बसलो तर पास कसो मागशी?"

त्या रविवारी राज्याच्या मुलांच्या संघाची निवड होती. म्हापशाची पोरं खेळाआधी पाय पसरून बसली होती, पाणी मारून राखलेलं गवत उपटून चघळत होती. त्यांच्या बुटांचा मला मत्सर वाटला नाही, बूट उसने मिळतात. पण ते गवत उपटणं! जणू ते कधी संपणारच नाही.

खेळ सुरू झाला. मी बॉल घेऊन धावलो, मध्यावर आलो, बॉल उचलला आणि उडी मारली. खाली मेर नव्हती. थोड्या वेळानं आमच्या दुसऱ्यानं तेच केलं, मग तिसऱ्यानं. लोक पोट धरून हसायला लागले. "अरे पेडणेकारा, हांगा मेर ना रे!" निवड करणाऱ्यांतले एक गृहस्थ कोचांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हो फुटबॉल शिकयता काय बेडूक पोसता?"

आमचा एकही पोर घेतला नाही. ही पोरं उडी का मारतात, हे कोचांना कोणी विचारलंसुद्धा नाही.

कोचांनी वाकून गवतावरून तळहात फिरवला, आणि म्हापशाच्या एका पोराच्या पाठीवर थाप मारली. "बरो खेळलो." मी इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली खेळलो, हे दोन शब्द मला कधी मिळाले नव्हते.

पाऊस लागला आणि हसणाऱ्यांच्याच म्हापशातल्या एका क्लबानं त्यांना पोरांचा कोच म्हणून नेलं. एकदा मी पत्रकांचं काम सोडून म्हापशाला गेलो, कुंपणाबाहेर उभा राहिलो. कोचांनी गवताच्या मधोमध एक लांब बाक आडवं ठेवलं होतं. पोरं बॉल उचलत होती, बाकावरून उडी घेत होती, पलीकडं पायावर झेलत होती. तीच आमची मेर! आणि आता तेच गृहस्थ टाळ्या वाजवत होते.

 धारगळच्या परतीच्या बसमध्ये मी कोचांना गाठलं. "आमका इसारलास?" माझ्या तोंडून एकेरीच गेलं.

त्यांनी बसच्या जनेलातून, खिडकीतून, बाहेर बघितलं. आमचे कुणगे भाताखाली होते. "एक सपाट जागा दाखय," ते म्हणाले. "दुसऱ्या दिसा येतां."

म्हणून हे तुला लिहितो, वाचणाऱ्या. तुझा आणि तुझ्या भावाचा कुणगा लगत आहे, मला माहीत आहे. दिवाळीच्या सुमाराला कापणी होईल. कापणी झाली की मधली मेर फोड. पुढच्या पावसाआधी आम्ही पोरं ती जिथल्या तिथं घालून देऊ, हवं तर आधीच दोन्ही टोकांना दगड पुरून ठेव. भावाशी बोलत नसशील तर नको बोलू. मेर फोड.