वाऱ्याने न हललेली गोळी

एक्स-रे काढण्यात माझा जन्म गेला. फिल्मवर दिसेल ते खरं, बाकी ऐकीव... असा माझा स्वभाव. त्यामुळे हे लिहितानाही संकोच वाटतोय.

१९७८-७९चा हिवाळा. कुवेतला जहरा गावातल्या एका क्लिनिकमध्ये मी टेक्निशियन होतो. तिथे अबू सालेम या म्हाताऱ्या कुवेती पेशंटशी ओळख झाली. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी बोलायचे. लांडग्याने त्यांच्या मेंढ्या फाडल्या, तेव्हा एका शुक्रवारी ते मला जीपमधून वाळवंटात घेऊन गेले. माझं काम — दुर्बिणीतून बघायचं.

दुपारी तीनच्या सुमारास लांडगा दिसला. पाचशे मीटर तरी लांब. वारा उजवीकडून... माझा शर्ट नुसता फडफडत होता.

"सीधा मारूँगा तो गोली बाएँ जाएगी," पालथे पडून नेम धरत ते म्हणाले. "हवा ढकेलती है. इसलिए तीन हाथ दाएँ पकड़ता हूँ. घास देखो. हवा रुके तो बोलो."

लांडग्याजवळचं गवत डावीकडे वाकलेलं. मधली वाळूही तशीच वाहत होती.

"चालू है," मी म्हणालो.

आणि त्याच क्षणी लांडग्याच्या बरोब्बर मागे, खळग्यातून एका माणसाचं डोकं वर आलं!

मी ओरडलो, पण बार उडाला होता.

धूळ उडाली ती उजवीकडे, तीन हात. नेम धरला होता तिथेच! लांडगा पळाला. माणूस जागच्या जागी उभा.

आम्ही धावत पोचलो. तो मेंढपाळ होता, खळग्यात आडोशाला झोपलेला. अबू सालेमनी त्याला अरबीत काहीतरी विचारलं आणि माझ्याकडे वळले. चेहरा पांढराफटक.

"बोलता है, हवा एकदम बंद हो गई. इतनी ख़ामोशी कि डर के उठ गया."

पण वारा थांबला नव्हता! माझी नजर गवतावरच होती.

मेंढपाळाला बाजूला घेऊन अबू सालेमनी लांडगा उभा होता तिथे रिकामा डबा ठेवला. परत जागेवर येऊन पुन्हा तीन हात उजवीकडे नेम धरला. या वेळी गोळी वाऱ्याने डावीकडे सरकली आणि बरोब्बर डब्याला लागली. त्यांनी बंदूक जीपमध्ये टाकली आणि गाडी घराकडे वळवली.

पुढे एक फौजी मित्र म्हणाला, मध्येच वारा पडला असेल. असेलही... मग मी बघितलं ते वाकलेलं गवत?

गोळी तीन हात सरकली असती, तर आमच्या हातून माणूस मेला असता. ती का सरकली नाही, हे मला आजही माहीत नाही.