दार लावून जेवणारी माणसं

माझ्या माहेरी एखाद्याला चिकट म्हणायचं असेल तर सरळ चिकट म्हणत नाहीत. "तो दार लावून जेवतो," असं म्हणतात. एवढं म्हटलं की त्या घरात कोणी लेक देत नाही. आमचा पाडा माळशेज घाटाच्या खाली. तिथे जेवणं ओटीवर होतात, दार सताड उघडं असतं, आणि रस्त्याने कोणी चाललं असेल तर त्याला "या जेवायला" म्हणायचं असतं. तो "बसा बसा" म्हणून पुढे जातो. येत नाही. पण म्हणायचं.

आणि मला दिली ती अशा घरी, जिथे सगळा उन्हाळा दुपारी दार लावून जेवतात.

घाटावरच्या मुलखाला आम्ही देश म्हणतो. "लेक देशावर दिली," असं आई सांगायची तेव्हा बायका विचारायच्या, तिकडे भात तरी मिळतो का. एका एसटीत बसलं की आळेफाट्याला उतरता येतं, पण मला तो परकाच मुलूख वाटला. डोंगर लांब गेलेले. झाडं कमी, आभाळ फार. बोलणं मोठ्याने, जसं काही सगळे एकमेकांना शेताच्या पलीकडून हाका मारतायत. आमचं घर बोरी बुद्रुकच्या शिवारात, गावाबाहेर मळ्यात. शेजाऱ्याचं घरही हाकेच्या टप्प्यात नाही. मी लहानपणापासून कमी बोलणारी. शाळा पाड्यावर होती तेवढीच, चौथीपर्यंत. इथे आल्यावर जे बोलत होते तेही बंद झालं.

लग्न दिवाळीनंतर झालं. हिवाळा चांगला गेला. होळी झाली आणि माशा आल्या.

माशा मी पाहिल्या नव्हत्या असं नाही. आमच्याकडे फणस फुटले, आंबे गळले की येतात आणि जातात. इथे त्या राहायलाच येतात. बांधाच्या पलीकडे कोंबड्यांची पोल्ट्री, अलीकडे आमचा गायांचा गोठा, विहिरीजवळ कोंबडखताचा ढीग, आणि टोमॅटोचा भाव पडला की रस्त्याच्या कडेला ओतलेले लाल ढीग. कपडे वाळत घालायची पांढरी दोरी संध्याकाळी काळी दिसायची. चहा प्यायचा तो बशी कपावर ठेवून. बशी सरकवायची, घोट घ्यायचा, पुन्हा झाकायचा. घरातल्या सगळ्यांना त्याची सवय होती. ते बोलता बोलता हात हलवत, आणि आपला हात हलतोय हे त्यांना कळतही नसे.

पहिल्यांदा दुपारी सासूबाईंनी, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, खिडकीवर गोणपाट टाकलं, दार ओढून कडी घातली आणि ताटं वाढली, तेव्हा मला वाटलं कोणी मागतकरी येतोय आणि त्याला चुकवतायत. काळोखात मी भाजी समजून ठेचा उचलला. ठसका लागला.

"हळू," आत्याबाई म्हणाल्या. "कोण मागं लागलंय?"

"अंधारात माशी बसत न्हाई," सासऱ्यांनी सांगितलं. त्यांना मी मामा म्हणते. "कुठं जायचं ते तिला दिसत न्हाई. आमच्या आजाची रीत हाय ही."

कारण कळलं, पण घास उतरेना. डोळे दाराकडे. फटीतून उन्हाची एक रेघ आत यायची आणि मी तिच्याकडे बघत जेवायची. आत्ता कोणी रस्त्याने जात असेल, बंद दार बघत असेल आणि मनात काय म्हणत असेल, हेच डोक्यात. पहिला उन्हाळा मी तसाच काढला. त्यात दिवस गेलेले, पोटात काही ठरत नव्हतं.

पुढच्या दिवाळीला मुलगी झाली, माहेरीच. होळीच्या आधी तिला घेऊन वर आले. माशांनी मोठ्या माणसांना सोडलं आणि तिला धरलं. दुधाचा वास असतो ना तान्ह्या पोराला. डोळ्यांच्या कोपऱ्यात, ओठांवर. जाळी आणली होती, पण जाळीत ती घामाने रडायची आणि जाळी उचलली की माशा आत. मी दिवसभर तिच्याशेजारी बसून पदर हलवायची. झोपेतही माझा हात हलतो, असं हे म्हणायचे. एक काम धरलं की दुसऱ्याकडे लक्ष जायचं. भाकरी थापता थापता उठून पाळण्याकडे, पाळण्याकडून पुन्हा चुलीकडे, तोवर भाकरी करपलेली.

अशात भावाचा फोन आला. "बाबा विचारतायत, यात्रा कधी आहे तुमच्याकडे? जेवायला येतो म्हणतायत."

हे जेवण साधं नव्हतं. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्न खात नाही, पाणीसुद्धा पीत नाही. बाबा लग्नानंतर एकदा आले होते ते विहिरीवर न थांबता, तोंड कोरडं घेऊन परत गेले होते. आता नात झाली होती. ते पहिल्यांदा माझ्या घरी जेवणार होते. आणि जेवणार ते दार लावून, काळोखात.

ही सोयरीक बाबांनीच जुळवली होती. आईला मला घाटावर द्यायचं नव्हतं. बाबा म्हणाले होते, माणसं चांगली आहेत, पाणी बारमाही आहे. आता त्याच माणसांनी ताट वाढून कडी घातली तर बाबा तोंडाने काही बोलणार नाहीत. पण आपण लेक कुठे दिली हे त्यांच्या मनात कायमचं बसेल. हे घरात कसं सांगायचं? तुमची रीत आमच्यात शिवी आहे, असं म्हणायचं का?

मी यांना एवढंच म्हटलं, "बाबांना पडवीत बसवू या ना जेवायला."

"माशा दिसत न्हाईत का तुला?"

"माशा नसल्या तर?"

"नसल्या तर बसवू की. सांगून बघ माशास्नी."

मग मला दुसरं काही सुचेना. यात्रेला आठवडाभर होता. मी पडवी रोज सारवली. कडुनिंबाचा पाला जाळून धूर केला. माशा गेल्या, पण सगळ्यांचे डोळे पाण्याने भरले आणि धूर विझायच्या आत माशा परत. कोणीतरी सांगितलं म्हणून पाणी भरून प्लॅस्टिकच्या पिशव्या आढ्याला टांगल्या. माशा त्यांच्यावर बसून पाणी बघायच्या. ह्यांनी नारायणगावहून चिकट पुठ्ठे आणले. त्यातला एक मामांच्या टोपीला चिकटला आणि ते तसेच गोठ्यापर्यंत गेले.

"मला धरायला लावलंय का काय रं हे?" ते म्हणाले. टोपी गेलीच ती.

आत्याबाई बघत होत्या. "एवढी का जिवाचं रान करती गं? पावणं काय आमच्यासारखं आत बसून जेवनार न्हाईत का?"

मी मान खाली घातली. जेवतील, म्हटलं.

यात्रेच्या पहाटे मला सुकट आठवली. आईने त्या वाळक्या मासळीचा डबा भरून दिला होता, मी तो फळीवर मागे ठेवला होता. पाड्यावर आम्ही सुकट वाळत घालतो तेव्हा सगळ्या माशा तिच्यावर असतात, घरात एक येत नाही. मला वाटलं, इथेही तसंच होईल. मी मूठभर सुकट भिजवली, फडक्यात बांधली आणि गोठ्याच्या मागे लांब बाभळीला लटकावली. आणि खरंच, ऊन चढलं तशी पडवी मोकळी होत गेली. मी दोरीकडे बघितलं, ती पांढरी होती. मला इतका आनंद झाला की मी पाहुण्यांसाठी बसायच्या पट्ट्यासुद्धा अंथरून ठेवल्या. ह्यांनी बघितलं आणि बाबांना आणायला मोटरसायकल घेऊन आळेफाट्याला गेले.

मग वारा फिरला.

चुलीवर पुरण शिजत होतं. देवाचा नैवेद्य अजून जायचा होता. गोडाचा दिवस तो, मटण दुसऱ्या दिवशी. आत्याबाईंनी नाक वर केलं. "काय मेलंय गं? घूस मेली का कुठं?"

मामा काठी घेऊन घराभोवती फिरले. मी मान वर न करता पोळ्या लाटत होते. तेवढ्यात गोठ्यावरच्या कुत्र्याने ते फडकं बाभळीवरून ओढून काढलं आणि तोंडात धरून थेट पडवीत आणलं. अंथरलेल्या पट्ट्यांवर ठेवलं आणि त्याची गाठ सोडायला बसलं. त्याच्यामागून सगळ्या माशा आल्या. गोठ्यातल्या, खताच्या ढिगावरच्या, पोल्ट्रीकडच्याही असतील.

"हे काय?" आत्याबाई म्हणाल्या.

"माझं आहे."

"आज? देवाच्या दिवशी?"

"माशा तिकडे जाव्यात म्हणून."

मामा भिंतीला टेकून हसायला लागले. "माशास्नी बी यात्रंचं जेवन घातलं हिनं."

"तुमी दात काढू नका," आत्याबाई त्यांना म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "जा, डोक्यावरनं पाणी घे. नेवद्याला हात लावू नको तवर."

मी ओल्या केसांनी बाहेर आले तर मोटरसायकल दारात उभी होती. बाबा आणि भाऊ उतरत होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं, नातीला घेतलं, तिच्या तोंडावरची माशी उडवली. पडवीत पाऊल ठेवायला जागा नव्हती.

"आत घ्या पावन्यास्नी," मामा म्हणाले.

नैवेद्य गेला. ताटं आत मांडली. आत्याबाईंनी गोणपाट सोडलं, दार ओढलं, कडीचा आवाज झाला. मी वाढायला उभी होते, पण कुणाचं तोंड दिसत नव्हतं. बाबा जेवायला सुरुवात करत नव्हते, एवढं मात्र ऐकू येत होतं.

"माशांमुळं हो, पावनं," मामा म्हणाले. "उन्हाळाभर आमचं असंच."

"हं."

कोणाची तरी वाटी ताटाला लागली.

"पोर कुठे आहे?" बाबांनी विचारलं.

"हाय की. तुमच्या मागं हुभी, वाढतीय."

"दिसत नाही." मग ते म्हणाले, "दार उघडा ना जरा. पहिल्यांदा जेवतोय हिच्या घरी. कोण वाढतंय ते तरी दिसू द्या."

"पुरनावर बसतील," आत्याबाई म्हणाल्या. "मग म्हनू नका."

"नाही म्हणत."

कोणी हललं नाही. मीच कडी काढली. ऊन आत आलं आणि त्याच्याबरोबर माशा. मी कोपऱ्यातलं सूप उचललं आणि सगळ्यांच्या मधोमध उभी राहून वारा घालायला लागले. डोक्यावरचा पदर घसरला, तो घ्यायला हात मोकळा नव्हता. एरवी मामांसमोर मी अशी उभी राहिले नसते. बाबांनी वर बघितलं, एकदा, आणि पोळी मोडली. डाव्या हाताने माशा, उजव्या हाताने घास. मामाही तसेच, भाऊही तसाच.

पायवाटेने यात्रेला निघालेला एक म्हातारा चालला होता. बाबांनी सवयीने हाक मारली, "या जेवायला."

म्हातारा थांबला. "येतो की," म्हणाला, पाय धुतले आणि आत येऊन बाबांशेजारी बसला.

बाबा माझ्याकडे बघायला लागले. देशावर बोलावलं की माणूस येतो, हे त्यांना कुठून माहीत असणार. आत्याबाई पदर खोचून चुलीकडे धावल्या. "वाढ गं, बघत काय बसलीस. पावन्यानं पावना बोलावलाय," त्या पुटपुटल्या. म्हाताऱ्याने पोळ्या मोजून खाल्ल्या नाहीत. जाताना तो बाबांनाच आशीर्वाद देऊन गेला, जसं काही घर त्यांचंच.

संध्याकाळच्या एसटीला बाबा निघाले. मी वाट बघत होते, ते काही बोलतील म्हणून. दाराबद्दल, काळोखाबद्दल. मोटरसायकलवर बसल्यावर म्हणाले, "माशा फार आहेत गं तुमच्याकडे." एवढंच. तुमच्याकडे म्हणाले. ते चांगल्या मनाने म्हणाले की वाईट, हे मी त्यांच्या पाठीकडे बघत ठरवत राहिले, वळणावर ते दिसेनासे होईपर्यंत. अजून ठरलेलं नाही. त्यांना विचारायचा धीर मला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाईंनी गोणपाट सोडलं.

"राहू द्या ना उघडं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"काल पावनं व्हतं," त्या म्हणाल्या आणि कडी घातली.

मी काळोखात बसले. एक घास घेतला. फटीतल्या उन्हाकडे बघितलं. मग ताट उचललं, कडी काढली आणि पडवीत जाऊन बसले. माशा आल्या. ताटावर हात धरला, बाळाच्या पाळण्याकडे धावले, ताटाकडे परत आले तोवर मटणाच्या रश्श्यात एक पडली होती. ताट घेऊन पुन्हा आत गेले. आत जीव गुदमरला, म्हणून पुन्हा दाराशी आले. उंबऱ्यावर उभी राहिले, एक पाय आत, एक बाहेर, ताट हातात.

आतून आत्याबाईंचा आवाज आला. "बाई, एका जागी बस की. माशी हायेस का तू?"

मामांना ठसका लागला. मी उंबऱ्यावरच बसले, दार अर्धं पुढे ओढून, आणि तिथेच जेवायला लागले.