मावशीच्या गळ्यातला मुखवटा

हल्ली मुखवटा म्हटलं की लोकांना ढोंग आठवतं. कुणा पुढाऱ्याचा मुखवटा गळून पडतो, कुणाचा टराटरा फाडला जातो. माझ्या मुलीला तर तेवढंही ठाऊक नाही. तिच्या लेखी मुखवटा म्हणजे नाकातोंडावर लावायचा मास्क. आमच्या घरात मात्र हा शब्द जुन्या अर्थाने टिकून राहिला. कलशावर देवीचा मुखवटा बसवला की देवी घरात आली, आणि तो उतरवेपर्यंत तिच्यासमोर जपून बोलायचं, असा तो अर्थ.

असाच एक मुखवटा मावशीच्या गळ्यात होता, आणि त्यात माझी आई होती.

मावशी म्हणजे वडिलांची दुसरी बायको. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. वडिलांनी पुन्हा लग्न केलं, आणि दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायची आमच्याकडची जुनी रीत पाळली. सुलतान बाजारातल्या सोनाराने चांदीच्या पत्र्यावर दोन डोळे, नाक आणि ठसठशीत कुंकू उठवून दिलं. त्या नाकाचा फोटोतल्या आईच्या नाकाशी काडीचा संबंध नव्हता. टाक हा शब्द आमच्या घरात कुणी वापरला नाही, तो मुखवटाच.

मावशीला नाकाने काही फरक पडत नसे. नवी साडी आधी मुखवट्याला लावायची, हळदीकुंकू आधी त्याला. तारनाक्याच्या घरी मी पास झाल्याचं सांगत आले, की माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या आधी ती पदराआड तो चाचपायची. रागाच्या भरात माझ्यावर हात उगारलाच, तर तो तसाच खाली यायचा आणि ती गळ्याशी पुटपुटायची, "चुकले बाई." मला याची भयंकर चीड यायची. एखादा रट्टा परवडला असता. आणि भीतीही वाटायची. जेवायला वाढताना ती वाकली की मुखवटा पदराबाहेर लोंबायचा, आणि ते दोन डोळे माझ्या ताटात बघायचे. मी मान खाली घालून जेवत असे.

वडील गेले तेव्हा मावशीने मंगळसूत्र उतरवलं, मुखवटा ठेवला. मी विचारलं तर म्हणाली, "नवरा सुटला गं. ही कशी सुटेल?"

गेल्या वर्षी तिला चक्कर यायला लागली आणि डोक्याचा एमआरआय करायचं ठरलं. हिमायतनगरला तपासणीसाठी गेलो, तर तिथली सिस्टर म्हणाली, "अम्मा, गले में जो भी है, निकालना पडता. मशीन में चांदी-वांदी नक्को." मावशीचं तोंड एवढंसं झालं. दोऱ्याची गाठ काही केल्या सुटेना. शेवटी सिस्टरने कात्री आणली. मावशीने डोळे मिटून घेतले आणि मुखवटा माझ्या तळहातावर आला. मी तो पहिल्यांदाच हातात घेत होते. तिच्या अंगाने तो कोमट झाला होता, आणि खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला.

मावशी मोकळ्या गळ्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "पर्समध्ये ठेव. चेन लाव."

मी ठेवला.

"पर्स लांब ठेवून ये."

मी पर्स पार त्या टोकाच्या खुर्चीवर ठेवून आले. तेव्हा तिने मला जवळ ओढलं आणि कानाशी तोंड आणून विचारलं, "तुला कधी वाटलं का गं, मी तुझी आई आहे म्हणून?"

मला रडूच फुटलं. एवढं एक विचारायला या बाईला जन्मभर एकांत मिळाला नव्हता. "मला दुसरी कुणी माहीतच नाही," मी म्हणाले. "तूच माझी आई."

तिचे डोळे भरून आले. मग घाईघाईने माझ्या तोंडावर हात ठेवून, त्या खुर्चीकडे बघत ती म्हणाली, "हळू. ऐकेल ती."