ओवीची बाहुली

नाशिकला धाकट्या बहिणीकडे, सुनंदाकडे, राहायला गेले होते. तिची सात वर्षांची ओवी वर्गातल्या मुलांना मारते, म्हणून बाईंनी शाळेत बोलावून घेतलं होतं.

"त्या मारामारीच्या गेमनं पोर बिघडली गं ताई," सुनंदा म्हणाली आणि तिनं मोबाइल कपाटात ठेवून दिला. मलाही ते पटलं. त्या गेममध्ये माणसं आपटतात, लगेच उठतात आणि कुणालाच काही दुखत नाही.

दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. ओवी खिडकीपाशी बाहुलीशी खेळत होती. बघता बघता तिनं बाहुलीच्या थोबाडीत मारली आणि जाड, दबका आवाज काढून म्हणाली, "रडायचं नाही. ओवी उठेल."

मग बराच वेळ ती बाहुलीचा गाल चोळत राहिली.

असं कुठल्या गेममध्ये बोलतात? मुलं बघतात तेच उचलतात, असं आपण किती सहज म्हणतो, आणि बोट मात्र मोबाइलकडे दाखवतो. मोबाइल निदान कपाटात तरी ठेवता येतो. अंधारात डोळे मिटून पडलेल्या मुलीच्या कानावर जे पडतं, ते कुठे ठेवायचं?

सुनंदाच्या हातातली शेंग तशीच राहिली. माझ्याकडे बघायचं तिला धाडस होईना.

"मला वाटायचं," ती कशीबशी म्हणाली, "तेव्हा ती झोपलेली असते."